भज्याच्या कढईतलं तेल

लग्न होऊन मंठ्याला आले त्याच आठवड्यात माझ्या सगळ्या साड्यांना वास लागला. माहेरून आणलेल्या, अजून घडीसुद्धा न मोडलेल्या साड्यांनाही. कपाट उघडलं की शिळ्या तळणाचा करपट वास अंगावर यायचा. खाली भाऊजींचं भज्यांचं हॉटेल आणि वर आम्ही. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. पहाटेपासून ते कढईपाशी उभे. जाऊबाई पीठ भिजवायच्या, मिरच्या चिरायच्या आणि भाऊजी दमले की स्वतः भज्यांचा घाणा काढायच्या. माझा नवरा जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत कामाला. शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत जायचा. मला गावातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद भाऊजींना झाला. गिऱ्हाइकांना ते सांगायचे, "आमच्या घरात मास्तरीणबाई आल्या."

माणूस प्रेमळ होता, हे आधी सांगून टाकते. कारण पुढं जे सांगणार आहे ते वाचून त्यांच्याबद्दल निराळं चित्र उभं राहील.

तरी किळस मला पहिल्या दिवसापासून होती. जिन्याचा कठडा चिकट होता. हात ठेवला की सुटताना बारीक चर्र आवाज यायचा. साबणानं धुतला की हात तेवढ्यापुरता स्वच्छ, पुन्हा वर जाताना तेच. भिंतीत बसवलेल्या पंख्याच्या पात्यांवर तपकिरी साय धरली होती आणि तिच्यात एक पाल चिकटून मेली होती. ती तिथंच वाळली. पंखा फिरला की तीही फिरायची. दिवाळीच्या साफसफाईत जाऊबाईंनी उलथन्यानं खरवडून तिला काढलं, उलथनं नळाखाली धरलं आणि परत कढईवर नेऊन ठेवलं. मी जिन्यात उभी राहून बघत होते. पण नवी सून, काय बोलणार?

माझं माहेर टेंभुर्णीचं. आमच्याकडं तळण सणासुदीलाच व्हायचं. आई करडईचं तेल कढईत बेतानं ओतायची आणि उरलेलं दोन दिवसांत फोडणीला संपवून टाकायची. तेल जपून वापरायचं असतं एवढंच मला माहीत होतं. तेल खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते मी पुस्तकात वाचलं होतं आणि वर्गात शिकवतही होते. पण पुस्तकातलं तेल आणि आमच्या घराखालचं तेल यांची गाठ घालावी असं कधी मनात आलं नव्हतं. संध्याकाळी चार वाजता शाळेतून आले की जाऊबाई बशीत मिरची भजे आणि चहा वर पाठवायच्या. वासाची किळस यायची, तरी भूक लागलेली असायची. मी खायचे.

दहावीला कार्बनी संयुगं शिकवायची असतात. पोरांना तो धडा नकोसा वाटतो. मिथेन, इथेन, प्रोपेन अशी नावं पाठ करायची, रेघा मारून बंध दाखवायचे, संपलं. त्या वर्षी मी ठरवलं की काहीतरी करून दाखवायचं. तेलाचा प्रयोग सोपा आहे. एका परीक्षानळीत ताजं तेल, दुसरीत डालडा, दोन्हींत आयोडीनचे थेंब टाकून जरा गरम करायचं. तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध असतात. ते आयोडीनला धरून ठेवतात, त्यामुळं लालसर रंग फिका होत जातो. डालड्यात असे बंध फारसे उरलेले नसतात, म्हणून रंग तसाच राहतो. पुढं त्याच तासाला तेल आणि कॉस्टिक सोडा उकळून साबण करायचा. साबणाला चांगलं तेल कशाला घालवायचं, म्हणून आदल्या दिवशी मी खाली गेले.

"भाऊजी, शाळेत साबण करायचाय. थोडं जुनं तेल द्या."

भाऊजी झाऱ्यानं भजे उलटत होते. हसले. "जुनं? आपल्याकडं जुनं न्हाई आन् नवं न्हाई मास्तरीणबाई. एकच कढई हाय. रोज त्याच्यातच भर टाकून राह्यलो."

"कधी पूर्ण रिकामी करतच नाही?"

"कशाला करायची? चव त्याच्यातच हाय की."

हे त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. मग डावानं कढईच्या तळातलं तेल काढून एका जुन्या बरणीत ओतून दिलं. मी बरणी उजेडात धरली. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात आयोडीनचा प्रयोग छान झाला. ताज्या तेलातला रंग पोरांच्या डोळ्यांदेखत उतरत गेला, डालड्यातला तसाच राहिला. कधी नव्हे ते मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा माना उंच करून बघत होती. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या बरणीतल्या तेलात टाकलं तर?"

मी तिसरी नळी घेतली. बरणीचं झाकण उघडलं आणि पहिल्या बाकावरच्या पोरींनी ओढण्या नाकाला लावल्या. तेल नळीत ओतलं तर ते काकवीसारखं सावकाश उतरलं. आयोडीन टाकलं. रंग उतरला का राहिला, ते कळायला आधी रंग दिसायला पाहिजे. काळ्यात काय दिसणार? नळी हलवली तशी काचेला चिकट थर बसला आणि तो खाली सरकेना.

"मॅडम, डांबर हाय का?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"तेलच आहे," मी म्हणाले आणि समजावून सांगू लागले. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की हवेतला ऑक्सिजन त्या दुहेरी बंधांवर जाऊन बसतो. काही रेणू तुटतात, त्यांचा खवट वास येतो. काही एकमेकांना जोडले जाऊन लांबलचक साखळ्या होतात. लाकडावर व्हार्निश सुकून जसा थर होतो, तसंच. पुढच्या पानावर बहुवारिकं, म्हणजे पॉलिमर, आहेत ना, त्याच जातीचं हे.

बोलता बोलता माझी जीभ अडखळली. जिन्याचा कठडा, पंख्याची पाती. ज्या थरावर मी रोज हात ठेवत होते, तोच मी मुलांना फळ्यावर काढून दाखवत होते. आणि तो नुसता कठड्यावर नव्हता.

साबणासाठी तेल शेगडीवर ठेवलं. सोड्याचं पाणी ओतलं आणि मी काचेच्या कांडीनं ढवळू लागले. वर्गात जो वास सुटला तो कसा सांगू? करपलेलं बेसन, ओलं कातडं आणि न धुतलेल्या डोक्याचा वास एकत्र केला तर तसा काहीतरी. खिडक्या उघडल्या, तरी डोळे चुरचुरत होते. मिठाचं पाणी घातल्यावर वर तपकिरी गोळे तरंगायला लागले. साबण झाला होता. रसायनशास्त्राला त्या तेलाची किळस नव्हती, त्यानं आपलं काम चोख केलं. तो गोळा मी चमच्यानं काढून ताटलीत ठेवला. त्यात बेसनाचे जळके कण होते, मिरचीचं एक काळं बी होतं आणि एक पंख होता. माशीचा की आणखी कशाचा, बघायची हिंमत झाली नाही.

"कोणाला हात धुऊन बघायचाय?" मी सवयीनं विचारलं. कोणी पुढं आलं नाही.

"कोणत्या हॉटेलचं तेल हाय मॅडम?" त्याच मुलीनं विचारलं. तिच्या मैत्रिणीनं तिला कोपर मारलं. मैत्रिणीला माहीत होतं. बहुतेक सगळ्यांनाच माहीत होतं. गाव केवढं!

तास संपला. मी मागच्या नळापाशी गेले आणि ओकले. आदल्या संध्याकाळी मी सहा-सात भजे खाल्ले होते.

त्या दिवसापासून मी बशी परत पाठवायला लागले. पित्ताचं निमित्त सांगितलं. भाऊजींनी आल्याचा चहा पाठवला, ओव्याची पुडी पाठवली. पण आता माझी नजर तिकडंच जायची. आधी किळस आली की मी मान फिरवायचे, आता बघत राहायचे. सकाळी लवकर मागच्या बोळात एक टेम्पो थांबतो, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं. खिडकीतून पाहिलं तर टेम्पोतून पत्र्याचे डबे उतरत होते. नव्या डब्याचं तोंड बंद असतं, ह्यांची तोंडं कापलेली होती आणि वर प्लॅस्टिक बांधलेलं. एका डब्याचं प्लॅस्टिक सुटून तेल रस्त्यावर सांडलं. ते पिवळं नव्हतं. कुत्र्यानं हुंगलं आणि ते मागं सरलं.

मी खाली गेले. हॉटेलच्या मागच्या खोलीत जाऊबाई डब्यातलं तेल गाळत होत्या. पातेल्यावर कापड बांधलं होतं. कापड ओळखीचं वाटलं म्हणून जवळ जाऊन पाहिलं. जुन्या परकराचं होतं, नाडीची शिवण तशीच होती. कापडावर पुऱ्यांचे चुरे, जिऱ्याचे दाणे आणि काळा गाळ साचला होता. शेजारी बटाट्याचे काप ठेवले होते. तेल तापवून त्यात ते टाकायचे, म्हणजे वास जरा कमी होतो.

"हे कुठलं तेल, ताई?"

जाऊबाईंनी मान वर केली नाही. भाऊजीच मागून आले. "लग्नातलं हाय. आचारी लोकांचं तळणाचं उरतं ना, त्ये. थोडं फरसाणवाल्याचं पण हाय. नव्या डब्यात निम्मं मिसळायचं. समदेच करतेत मास्तरीणबाई."

म्हणजे कढई एकच नव्हती. कोणकोणत्या गावच्या, कोणकोणत्या लग्नांच्या कढया आमच्या कढईत येऊन पडत होत्या. आधी ते तेल तिकडं मेलेलं, मग आमच्याकडं येऊन पुन्हा रोज मरणारं.

"भाऊजी, हे विष आहे हो," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "तेल इतकं जळलं की त्याचं तेल राहत नाही. पोटात जळजळ होते, काळजाला बाधतं, लिव्हरला बाधतं. लहान लेकरं खातात तुमच्याकडं."

"उकळलं की समदे किडे मरून जातेत."

"किड्यांचं नाही बोलत मी."

"मंग? इतके साल झाले, लोक खाऊन राह्यले. एक तरी मेला का?" त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. "ह्याच कढईवर तुमच्या नवऱ्याला जालन्याला ठेवून शिकवलं मी. तवा कोणाला वास न्हाई आला."

मी वर आले. शनिवारी नवरा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू शाळेत शिकवतेस ते शाळेत शिकव. दादाला शिकवू नको." मग खाली गेला आणि भावाशेजारी उभं राहून भजे खाल्ले. वर आला तेव्हा त्याच्या मिशीवर तेल चमकत होतं. त्या रात्री मी भिंतीकडं तोंड करून झोपले. नवऱ्याची किळस येऊ शकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

एवढ्यावर कदाचित मी गप्प बसले असते. वर वेगळा स्वयंपाक केला असता, नाक दाबून राहिले असते. पण शाळेचे क्रीडादिन आले आणि मुख्याध्यापक सरांनी मुलांचा नाश्ता भाऊजींना सांगितला. मला आनंद होईल अशा समजुतीनंच त्यांनी ते मला ऑफिसात बोलावून सांगितलं.

"सर, ते रद्द करा," मी म्हणाले.

"का हो? तुमच्या घरचंच तर हॉटेल!"

"म्हणूनच सांगते. मी तिथलं खात नाही."

सरांनी हळूच दार लोटलं. "बिलकुल नाही खात?"

"बिलकुल नाही."

त्यांनी ऑर्डर रद्द केली. मुलांना केळी आणि शेंगदाण्याचे लाडू दिले गेले. पण सर स्वतः रोज भाऊजींकडं वडा खाणारे. त्या दिवसापासून ते यायचे बंद झाले आणि का बंद झाले, ते दोन दिवसांत भाऊजींच्या कानावर आलं.

ते वर आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "मास्तरीणबाई, घरातलं माणूस असं करत न्हाई," एवढंच बोलले. त्यांच्या सदऱ्याला, हातांना, केसांना तो वास होता. मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी मी श्वास रोखून धरला होता. दोन्ही एकदमच. ते खाली गेले आणि त्यानंतर त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना जाऊबाई वर आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. त्या फरशीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं. त्यांना खोकला कायमचाच. धुराचा, म्हणायच्या. खूप वेळ खोकल्यावर म्हणाल्या, "तू बोललीस ते बराबर बोललीस."

"मग तुम्ही का बोलत नाही, ताई?"

"बोलून काय करू? मी तर खातच न्हाई."

मला नीट कळलं नाही. "काय खात नाही?"

"भजं. वडा. कायबी. किती वर्षं झाली, एक भजं तोंडात घातलं न्हाई. सुरुवातीला खायचे. मंग तेल गाळताना एकदा डब्यात उंदराचं पिल्लू निघालं. ह्यांना दाखवलं. ह्यांनी काढून फेकलं आन् म्हणले, कोणाला सांगू नको. तवापासून घशाखाली उतरत न्हाई."

मी त्यांच्याकडं बघत होते. रोज चार वाजता बशी भरून वर पाठवणारे हात मांडीवर होते. बोटांवर तेलानं भाजल्याचे पांढरे चट्टे.

"आणि आम्हाला द्यायचात?"

"तुला नको म्हणले असते तर का म्हणून विचारलं असतंस. मंग सांगावं लागलं असतं. सांगितलं की दुकान बंद करा म्हणल्यासारखं झालं असतं." त्या उठल्या. "मला वाटलं, एवढी शिकलेली हाय, तिला कळत असंल. कळून खाते म्हणजे खाऊ दे."

काळ्या तेलाची किळस एका जागी आणि ही एका जागी. तेल बिचारं आंधळं असतं. त्याला तापवलं की ते जळतं, तुटतं, चिकटतं, त्याच्या हातात काही नाही. पण उंदराचं पिल्लू पाहिलेल्या बाईनं पुढची कित्येक वर्षं ताज्या मिरच्या निवडून, चवीपुरतं मीठ घालून, गरम गरम बशी भरून दिली. आणि तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. मला कळत होतं. फळ्यावर तर मीच लिहीत होते. त्या रात्री मी जेवले नाही.

चार महिन्यांनी आम्ही निघालो. गावाच्या दुसऱ्या टोकाला, शाळेपलीकडं दोन खोल्या घेतल्या. नवरा पुष्कळ कुरकुरला. मग म्हणाला, तसाही मी शनिवारीच येतो. माझ्या साड्या मी तीन-तीनदा धुतल्या, उन्हात वाळवल्या. सुती साड्यांचा वास गेला. रेशमी दोन साड्यांचा गेला नाही, त्या कोणाला द्यायचीही लाज वाटली. शेवटी गाठोडं करून माळ्यावर टाकल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊजींनी हॉटेलावर नवी पाटी लावली. मोठ्या लाल अक्षरांत, 'येथे शुद्ध व ताज्या शेंगदाणा तेलातील पदार्थ मिळतील'. मी बाजाराला जाताना वाचली. पाटीखाली तीच कढई होती, काठावर तोच काळा चिकट थर. गर्दी मात्र आधीपेक्षा वाढली होती. बाजाराच्या दिवशी तर लोक रांग लावायचे. आमच्या मुख्याध्यापक सरांनाही मी एकदा तिथं पाहिलं. मला बघून त्यांनी कागदाचा बोळा खिशात घातला आणि म्हणाले, "आता तेल बदललंय म्हणे." त्यांच्या खिशावर तेलाचा डाग हळूहळू पसरत होता.

जाऊबाई अधूनमधून शनिवारी दुपारी, माझी सकाळची शाळा सुटल्यावर, माझ्याकडं येतात. भाऊजींना काय सांगून येतात, मी विचारत नाही. आल्या की आधी बाथरूमात जातात. अंघोळ करतात, केस धुतात, माझी साडी नेसून बाहेर येतात. मग ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा असं आम्ही दोघीच जेवतो.

मागच्या महिन्यात आल्या तेव्हा पाऊस पडत होता. जेवायच्या आधी त्या जरा लाजत म्हणाल्या, "आज भजं खाऊ वाटून राह्यलं. तुझ्या हातचं. नव्या तेलातलं."

मला इतका आनंद झाला! तेलाची नवी पिशवी फोडली. त्यांना वास घ्यायला दिली. त्यांनी नाक जवळ नेऊन वास घेतला आणि मान डोलावली. लहान कढईत थोडंसंच तेल ओतलं. कांदा पातळ चिरला, बेसनात ओवा टाकला. तेल इतकं स्वच्छ होतं की कढईचा तळ दिसत होता. पहिले चार भजे सोनेरी निघाले. ते कागदावर ठेवले, जरा निवू दिले आणि त्यांच्यापुढं ठेवले.

जाऊबाईंनी एक उचललं. अर्ध्यात तोडलं, आत बघितलं. मग तोंडात टाकलं. दोनदा चावलं आणि त्यांचे डोळे भरून आले. पदर तोंडाशी नेऊन त्या धावत मोरीवर गेल्या आणि थुंकून टाकलं. बराच वेळ चुळा भरत राहिल्या.

"काय झालं? खवट लागलं का?" मी घाबरून विचारलं.

"न्हाई गं. चांगलं झालतं." त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. "पण दात लागला की त्योच वास येऊन राह्यला. माझ्या नाकातच हाय त्यो आता."

मी गॅस बंद केला. उरलेले भजे झाकून बाजूला ठेवले आणि भाकरी वाढली. त्यांनी ठेच्यासोबत दीड भाकरी खाल्ली. पाऊस थांबल्यावर आपली साडी नेसल्या. ती साडी अंगावर चढताच खोलीत तो वास पुन्हा पसरला. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "जाते. चारचा घाणा काढायचाय."